एकोणीस सह्या

पद्मजाबाई रिसबूड पेपर उघडायच्या तो थेट वाचकांच्या पत्रांपाशी. आधी आपलं पत्र छापलंय का ते बघायचं, मग जगाचं काय चाललंय ते, असा त्यांचा क्रम शाळेतून निवृत्त झाल्यापासून कधी चुकला नव्हता. त्या दिवशी पत्र नव्हतं. त्यांनी पान उलटलं आणि हातातला चहाचा कप हातातच राहिला.

पाचव्या पानावर शर्मिला हसत होती. चांगली तीन रकानी हसत होती. शेजारी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मुक्ताबाई, पदर सावरत, कॅमेऱ्याकडे सोडून आपल्या मेथीच्या जुड्यांकडे बघत उभ्या. वर मथळा: 'शर्मिलाताईंच्या पाठपुराव्याला यश, कसब्यात होणार महिलांसाठी स्वच्छतागृह.' खाली बातमीत लिहिलं होतं की ताईंनी सलग चार महिने या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

"चार महिने!" बाई मोठ्यांदा म्हणाल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या ब्लॉकमध्ये त्या एकट्याच राहत. पण काही गोष्टी मोठ्यांदा म्हटल्याशिवाय पचत नाहीत.

कपाटातल्या खालच्या फळीवर एक निळी फाईल होती. तिच्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात 'स्वच्छतागृह' असं लिहिलेलं होतं आणि आत अकरा वर्षं होती. महापालिकेला पाठवलेली निवेदनं, त्यांच्या पोचा, पेपरात छापून आलेली सात पत्रं, न छापलेल्या तीसेक पत्रांच्या प्रती. दरवर्षी महिलादिनाच्या आधीच्या आठवड्यात बाई एक निवेदन लिहीत आणि पेठेतल्या बायकांच्या सह्या घेत फिरत. पेठेला त्याची इतकी सवय झाली होती की बाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की बायका हातातलं काम न सोडता पेन मागत. कागदात काय लिहिलंय ते पहिल्या दोन वर्षांनंतर कोणी वाचलं नव्हतं. वाचायचं काय त्यात? बाईंचं अक्षर, बाईंची मागणी, बाईंचा कागद.

आणि या सगळ्याची सुरुवात झाली ती मुक्ताबाईंमुळे. वाघोलीच्याही पुढच्या गावाहून ही बाई पहाटेच्या बसने येते, मंडईतून माल उचलते आणि दुपारी तीनपर्यंत कोपऱ्यावर बसते. तिच्यापाशी पाण्याची एक जुनी बाटली असते. अकरा वर्षांपूर्वी एका एप्रिलात ती चक्कर येऊन पालकाच्या गड्डीवर पडली, तेव्हा पद्मजाबाईंनी तीच बाटली उघडून तिच्या तोंडाला लावली होती. तिने शुद्धीवर येताच तोंड फिरवलं. "ते पानी मेथीवर माराया हाय, बाई. म्या पीत न्हाई. प्याले तर जाऊ कुठं?" त्याच संध्याकाळी बाईंनी पहिलं पत्र लिहिलं. तळमळ अगदी खरी होती. ते कोणी नाकारणार नाही, आणि पुढे जे झालं त्यानंतरही नाकारण्याचं कारण नाही.

पण अकरा वर्षं कागद जपला की माणसाला तो प्रश्नच आपला वाटू लागतो. पद्मजाबाईंनी मनातल्या मनात उद्‌घाटन कितीदा तरी केलं होतं. फीत कापायची नाही, तो पोरकटपणा. फक्त दोन शब्द बोलायचे. ते दोन शब्दसुद्धा लिहून फाईलच्या शेवटच्या कप्प्यात ठेवलेले होते, चांगले दीड पान.

बातमीच्या शेवटी शर्मिलाची मुलाखत होती. 'शाळेत आमच्या एक बाई म्हणायच्या, रस्ता जेवढा चालणाऱ्याचा तेवढाच बसणाऱ्याचाही असतो. ते डोक्यात राहिलं होतं,' असं ती म्हणाली होती.

एक बाई. बाईंनी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. ती एक बाई म्हणजे आपणच, हे कळायला त्यांना काही संशोधन करावं लागलं नाही. नववीत, तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी शर्मिला. नागरिकशास्त्रात वीसपैकी नऊ. आता वस्तीत फिरून मोबाईलवर व्हिडिओ करते आणि लाखभर लोक बघतात म्हणे. नऊ मार्कांची मुलगी चार महिन्यांत काम करते आणि जिने शिकवलं ती एक बाई! बाईंना जे वाटलं त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. तो मत्सर होता, निखळ आणि सणसणीत.

दोन दिवसांनी शर्मिला स्वतः दारात उभी राहिली. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"बाई, ओळखलंत ना? भूमिपूजनाला तुम्ही यायचंच. खुर्ची ठेवणार आहोत तुमच्यासाठी, फ्रंट रोमध्ये."

"खुर्ची आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "दोन आहेत. बस."

शर्मिला बसली. "ॲक्च्युअली, मी मुलाखतीत तुमचं नाव घेतलं होतं, बाई. त्या रिपोर्टरने कट केलं. जागा कमी होती म्हणाला."

"हो ना. तुझ्या फोटोला बरीच लागली."

शर्मिला हसली. बाई चेष्टा करताहेत असंच तिला वाटलं. तिने मोबाईल काढून नकाशा दाखवला. जुनी दुधाची टपरी बंद पडलीय, त्या जागी बांधायचं, समोर कादरभाईंचं अत्तराचं दुकान. तिथे वर्दळ असते, उजेड असतो, बायकांना भीती वाटणार नाही. बाईंच्या निवेदनात दरवर्षी मंडईमागच्या बोळाची जागा होती. बोळ अंधारा आहे हे बाईंच्या अकरा वर्षांत लक्षात आलं नव्हतं, आणि ते या मुलीच्या चार महिन्यांत आलं होतं. यामुळे तर त्या आणखीच भडकल्या, पण वरून इतकंच म्हणाल्या, "पेढे ने परत. मला गोड चालत नाही."

शर्मिला गेल्यावर बाई चप्पल घालून निघाल्या. क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर जाहीर सूचना चिकटवलेली होती: नियोजित जागेबाबत नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना पंधरा दिवसांच्या आत लेखी द्याव्यात. बाईंनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली. असल्या सूचना अख्ख्या पेठेत वाचणारं माणूस एकच होतं.

परतताना श्याम घाटपांड्यांच्या फरसाणच्या दुकानाशी त्या थांबल्या. घाटपांडे आधीच तोंड वाकडं करून बसले होते.

"स्वच्छतागृह हवंच हो बाई, कोण नको म्हणतंय? पण इथं कशाला? चिवडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय बघणार समोर? पुढे करा म्हणावं थोडं. शिवाजी पुलाकडे."

"मग द्या की लिहून."

"लिहायचं तेवढं तुम्हीच बघा. आपण सही करू."

बाईंना घाटपांड्यांचा मनापासून तिटकारा होता. सार्वजनिक हिताला आपल्या उंबऱ्यापर्यंतच पाठिंबा देणाऱ्या अशा माणसांवर त्यांनी तास घेतले होते, फळ्यावर आकृत्या काढून. आज मात्र त्या मान डोलावून पुढे निघाल्या.

कागद लिहायला सगळी दुपार गेली. विषय: 'नियोजित महिला स्वच्छतागृहाबाबत.' मजकुरात काहीही खोटं नव्हतं. जागा भर रहदारीची आहे, स्थानिकांशी पुरेशी चर्चा झालेली नाही, पर्यायी जागांचा तौलनिक अभ्यास होईपर्यंत काम थांबवावे ही विनंती. एकेक वाक्य कायद्याला धरून. लिहिता लिहिता बाईंना बरं वाटू लागलं. चार महिन्यांवाल्यांना कळू दे, काम कसं असतं ते. महिनाभर थांबेल, मग सगळे येतील निळी फाईल मागायला. बाईंचं गणित असं सरळ होतं.

मग त्या सह्यांना निघाल्या.

पहिली सही घाटपांड्यांची, मग त्यांच्या शेजारचे दोन दुकानदार. नंतर बाई अत्तराच्या दुकानाशी आल्या. कादरभाई काउंटरमागे बसले होते. त्यांच्या मुलीला, जिनतला, बाईंनी दहावीला शिकवलं होतं, त्यामुळे ते उठून उभे राहिले. त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पेठेत हे कित्येक वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

"बाई, हा तर नको म्हणून आहे."

"थांबवा म्हणून आहे. तुमच्याच दारासमोर येतंय, कादरभाई. अत्तराचं दुकान तुमचं."

"ते आहेच की. आधी मलाही वाटलं, धंदा बसणार." त्यांनी कागदाची घडी नीट करून परत दिली. "पण आमची घरवाली, हुस्नबानू, दुपारभर दुकानात बसते. मी नमाजला, मालाला बाहेर. तिला जायचं झालं की शटर ओढून घरी जावं लागतं, पार मोमीनपुऱ्यात. वीस वर्षं चाललंय हे, आणि मला मात्र धंद्याचंच सुचलं. मी हो म्हणून लिहून दिलंय, बाई. वासाचं काय, आमच्याकडे इलाज आहे."

ते हसले. बाई हसल्या नाहीत. ज्याचं खरोखर नुकसान व्हायचं तो हो म्हणतो आणि आपलं काडीचंही जात नसताना आपण कागद घेऊन फिरतोय, हे त्यांना तिथेच कळलं. कळलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं. बायका मनातल्या पुष्कळ गोष्टी बाजूला सारतात. मास्तरणी तर जास्तच.

कोपऱ्यावर मुक्ताबाई मेथीवर पाणी शिंपडत होत्या.

"औंदा लवकर आलात, बाई?"

"हो. काम निघालंय ना."

"तर वो! त्या ताईनं फोटू काढला माझा. पर फोटूनं काय व्हतंय? कागद पायजे. आना हिकडं." त्यांनी ओले हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि प्रौढशिक्षणात शिकलेल्या मोठाल्या अक्षरांत नाव लिहिलं. मग बाईंच्या हातातून कागद काढून घेत त्या उठल्याच. "बसा तुमी हितं, माझ्या जागंवर. म्या आनते समद्यांच्या." फुलवाली, लिंबू-मिरचीवाली, भांडी घासायला येणाऱ्या बायका, झाडू मारणाऱ्या दोघी. अर्ध्या तासात मुक्ताबाई पंधरा सह्या घेऊन आल्या. सोळावी त्यांची स्वतःची.

पद्मजाबाई तेवढा वेळ पोत्यावर बसून होत्या. मुक्ताबाई प्रत्येकीला काय सांगत होत्या ते त्यांना दुरूनही दिसत होतं. एकदा तोंडापर्यंत आलंही, की मुक्ताबाई, हा कागद वेगळा आहे. पण मग पाचव्या पानावरचं ते हसू आठवलं, आणि तोंड मिटलं. आपण कोणाला खोटं सांगितलेलं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

सुनावणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारी झाली. क्षेत्रीय कार्यालयात लांब टेबल, एका टोकाला केदार शिंत्रे नावाचे तरुण कनिष्ठ अभियंता, दुसऱ्या टोकाला शर्मिला. तिच्याबरोबरची एक मुलगी मोबाईलवर चित्रीकरण करत होती. बाई मधल्या खुर्चीवर, मांडीवर निळी फाईल.

"एक समर्थनाचं पत्र आहे, श्री. कादर यांचं," शिंत्रे म्हणाले. "आणि एक हरकत आहे. एकोणीस सह्या. यातल्या सोळा त्याच परिसरात काम करणाऱ्या महिलांच्या आहेत."

शर्मिलाने कागद ओढून घेतला. अक्षर बघूनच तिचा चेहरा उतरला. मग तिचं बोट एका नावावर थांबलं.

"मुक्ताबाई? बाई, हे त्यांनी वाचलं होतं?"

"मोठ्या आहेत त्या. सही करण्याआधी वाचावं, हे मी वर्गात शिकवत होते. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत असशील."

"असेन, बाई. नऊच मार्क होते मला. तुम्हीच दिले होते."

शिंत्रे दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, त्यांना मार्चअखेर दिसत होती. "हे बघा, ज्यांच्यासाठी बांधायचं त्यांनाच नको असेल तर मी वर काय लिहू? या वर्षीची मंजुरी या महिन्यात वापरली नाही तर जाते. बिबवेवाडीचा प्रस्ताव तयार आहे, तिथून एकही हरकत नाही. तो पुढे जाईल."

"आणि इथला?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच लहान वाटला. "महिनाभराने?"

"महिनाभराने काही नाही, मॅडम. पुन्हा पहिल्यापासून. नवा प्रस्ताव, नवी मंजुरी. दोन वर्षं लागतील, तीन लागतील. होईल की नाही तेही सांगता येत नाही." त्यांनी एक कोरा कागद बाईंपुढे सरकवला. "तुम्ही अर्जदार आहात. हरकत मागे घेतो, एवढी एक ओळ लिहून द्या. मी आत्ता फाईल वर पाठवतो."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. खरंच काढलं. एक ओळ होती, सहा-सात शब्दांची, आणि असल्या ओळी लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. पलीकडून शर्मिला हलक्या आवाजात म्हणाली, "प्लीज, बाई."

आणि त्याच वेळी ती मोबाईलवाली मुलगी दोन पावलं पुढे आली. चेहरा नीट यावा म्हणून.

बाईंना ते सगळं दिसलं. आपला वाकलेला माथा, सही करणारा हात, खाली शर्मिलाचं नाव, वर काहीतरी गोड गाणं. ताईंनी बाईंचं मन वळवलं, असं लोक लिहितील. लाखभर लोक बघतील. आपली माघारसुद्धा तिच्याच नावावर जमा होणार. बाईंनी टोपण पुन्हा लावलं.

"मला जे म्हणायचं ते लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

जिना उतरताना छातीत मोकळं वाटेल अशी त्यांची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. पावलं घराकडे वळायची ती सवयीने कोपऱ्याकडे वळली.

मुक्ताबाईंनी त्यांना लांबूनच पाहिलं आणि हात केला. "या, या! झालं का वो आपलं काम? लिंबूवाली सांगत व्हती, आज हापिसात बोलावनं हाय म्हून."

बाईंनी फाईल काखेत धरली. "सुनावणी झाली," त्या म्हणाल्या.

"झाली न्हवं? मंग झालं!" मुक्ताबाईंनी शेजारच्या फुलवालीला कोपराने ढोसलं. "काय म्हनले व्हते तुला? हिला वाटतंय, त्या फोटूवाल्या ताईनं केलं. म्या समद्यास्नी सांगते, ताई आत्ता आली. ह्या बाई धा-अकरा वरीस कागद घिऊन हिंडत्यात, पायात चप्पल झिजली त्यांची. जे व्हनार हाय ते बाईंचं हाय. पाटीवर नाव कुनाचंबी लावा, आमी बाईंचंच म्हननार."

जे ऐकण्यासाठी पद्मजाबाईंनी अकरा वर्षं काढली ते ऐकायला मिळालं होतं, तेही भर चौकात, मोठ्या आवाजात. फाईल एकदम जड वाटायला लागली, म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"घ्या ही," मुक्ताबाईंनी कोथिंबिरीची जुडी त्यांच्या पिशवीत कोंबली. "आन् थांबा." त्यांनी पोत्याआडची बाटली काढली, मेथीवर मारायच्या पाण्याची. बूच उघडलं, मान वर केली आणि घटाघटा प्यायला सुरुवात केली. भर उन्हात, दुपारी दीड वाजता. बाटली अर्धी झाली तेव्हा थांबल्या, तोंड पुसलं आणि हसल्या. "आज पितेच म्हनलं. हौस हाय."

"मुक्ताबाई, अहो, नका पिऊ एवढं," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"का वो?"

बाईंनी गल्लीत बघितलं. त्यांच्या इमारतीचा जिना इथून दिसत होता. ऐंशी पावलं असतील. जिन्याच्या वर त्यांचं दार, दाराच्या आत स्वच्छ, कोरडं न्हाणीघर, आणि त्याच्या दाराला आतून कडी. अकरा वर्षांत सात पत्रं छापून आली, त्यातल्या एकातही हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

"तुम्हाला जायचं झालं," बाई घाईघाईने म्हणाल्या, "तर माझ्याकडे चला. इथेच आहे, दुसरा मजला. आत्ता चला. रोज येत जा."

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग बाटलीचं बूच लावता लावता मान हलवली.

"नगं बाई. तुमच्या घरात आमी मातीचे पाय घिऊन कशाला? अकरा वरीस दम काढला, आता दोन म्हैनं काय जड न्हाई." त्या पुन्हा पोत्यावर बसल्या आणि जुड्या नीट लावू लागल्या. "आता आपलं व्हनारच हाय की."